मुचलक्यावरचा दुसरा माणूस : १८५० पूर्वीच्या अमेरिकी घराण्याचा माग

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाईंचे सासर अमेरिकी आहे. यजमानांच्या आईच्या घराण्याचा माग केंटकी राज्यातल्या १८५० च्या जनगणनेपर्यंत लागला आहे. तिथे एका घराच्या पहिल्या दोन ओळींत ५८ वर्षांचा शेतकरी आणि ५४ वर्षांची मेरी अशी नोंद असून दोघांचेही जन्मस्थान व्हर्जिनिया दिले आहे. घरात जपलेल्या बायबलच्या एका पानावर मुलांचे जन्म लिहिलेले आहेत, त्यांतला पहिला १८१६ चा आहे; तिथेच बायकोचे नाव मात्र ‘पॉली’ असे आहे. तिच्या माहेरचे आडनाव कुणालाच ठाऊक नाही, १८५० च्या आधीच्या जनगणनांत ती सापडत नाही आणि लग्नांच्या सूचीत ‘मेरी’ शोधूनही हाती काही लागले नाही. स्वतःच्या माहेरच्या पिढ्यांची नावे बाईंना नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत मिळाली. तशीच वडिलांच्या बाजूची नावेही मुलीला द्यावीत, अशी त्यांची इच्छा आहे.

गेली वीस वर्षे मी जुन्या अमेरिकी घराण्यांच्या वंशावळींचे काम करतो आहे आणि ही अडचण माझ्या चांगल्या परिचयाची आहे. १७९० ते १८४० या सहा जनगणनांत कुटुंबप्रमुखाखेरीज घरातल्या कुणाचेही नाव लिहिण्याची पद्धतच नव्हती. बाकीची माणसे म्हणजे वयोगटांच्या रकान्यांतले आकडे. त्यामुळे ‘मेरी’ हे नाव घेऊन ती पाने चाळण्याला अर्थ नाही. शोधायचे ते तिच्या नवऱ्याचे घर आणि त्या घरातला तिच्या वयाचा आकडा. आपली मेरी बहुधा १८२०, १८३० आणि १८४० या तिन्ही जनगणनांत नवऱ्याच्या नावाच्या ओळीत, एका ‘१’ च्या रूपात बसलेली आहे.

हे रकाने नीट समजून घेणे आवश्यक आहे. २ ऑगस्ट १७९० या दिवसाच्या पहिल्या जनगणनेत गोऱ्या पुरुषांचे सोळा वर्षांच्या आतले आणि सोळा व त्यापुढचे असे दोन गट होते, पण गोऱ्या स्त्रियांना वय नव्हते. तान्ही मुलगी आणि तिची आजी एकाच आकड्यात मिसळलेल्या असत. १८०० आणि १८१० मध्ये स्त्री आणि पुरुष दोघांनाही पाच-पाच गट मिळाले : दहाच्या आतले, दहा ते सोळा, सोळा ते सव्वीस, सव्वीस ते पंचेचाळीस आणि त्यापुढचे. १८२० मध्ये पुरुषांसाठी सोळा ते अठरा असा एक जादा रकाना घातला गेला, आणि त्यातला मुलगा सोळा ते सव्वीसच्या रकान्यातही मोजला गेला. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जणांनी आपल्या वंशावळीत कधीच नसलेला एक मुलगा वाढवलेला मी पाहिला आहे. १८३० पासून गट बारीक झाले, वीस वर्षांपर्यंत पाच-पाच वर्षांचे आणि पुढे दहा-दहा वर्षांचे.

आता आपल्या मेरीचा हिशेब मांडू. १८५० च्या जनगणनेचा दिवस १ जून होता. त्या दिवशी ५४ पूर्ण म्हणजे जन्म जून १७९५ ते जून १७९६ च्या दरम्यानचा. ती १८४० मध्ये चाळीस ते पन्नासच्या आणि १८३० मध्ये तीस ते चाळीसच्या रकान्यात असली पाहिजे. ७ ऑगस्ट १८२० रोजी चोवीस-पंचवीस वर्षांची म्हणून सोळा ते सव्वीसच्या, आणि १८१० मध्ये चौदा-पंधरा वर्षांची म्हणून वडिलांच्या घरातल्या दहा ते सोळाच्या रकान्यात. नवऱ्यासाठीही असाच हिशेब करा आणि बायबलमधल्या प्रत्येक मुलाला त्या-त्या वर्षी त्याच्या वयाच्या रकान्यात बसवून पाहा. सगळी माणसे बसली, तर घर तेच आहे असे धरून पुढे जाता येते. १८२० मध्ये बाईचा आकडा सव्वीस ते पंचेचाळीसच्या रकान्यात निघाला, तर दोन शक्यता उरतात. एक तर १८५० मध्ये वय कमी सांगितले गेले, किंवा मेरी ही दुसरी बायको आहे. बायबलमधल्या मुलांच्या जन्मांत मध्येच चार-पाच वर्षांची पोकळी असेल, तर दुसरी शक्यता गांभीर्याने घ्यावी.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण ती न बाळगल्यामुळे पुढचे सगळे संशोधन चुकीच्या फांदीवर जाते. १८५० च्या जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव, वय आणि जन्मस्थान, शिवाय पंधरा वर्षांवरच्या पुरुषांचा व्यवसाय आहे, पण नाते लिहिलेले नाही. कुटुंबप्रमुखाशी नाते आणि आईवडिलांची जन्मस्थाने या दोन्ही गोष्टी प्रत्येकासाठी लिहिल्या जाऊ लागल्या त्या १८८० पासून. म्हणजे दुसऱ्या ओळीतली बाई ही पत्नी आहे हा आपला तर्क आहे. ती बहीणही असू शकते. शिवाय ही माहिती प्रगणकाला कुणी दिली, हे १९४० पर्यंत नोंदवलेच जात नसे. नवरा शेतावर आणि बायको आजारी असेल, तर बारा वर्षांच्या मुलाने किंवा शेजारणीने आठवेल ते सांगितलेले असू शकते. म्हणून एकाच माणसाचे वय दर जनगणनेत दहाऐवजी आठ किंवा बारा वर्षांनी वाढलेले दिसले, तरी घाबरून जाण्याचे कारण नाही.

१८१० च्या मागे जाताना आणखी एक भिंत लागते. केंटकीची १७९० आणि १८०० या दोन्ही जनगणनांची घरवार पाने आज अस्तित्वात नाहीत, आणि व्हर्जिनियाची १७९० ची सगळी व १८०० ची जवळजवळ सगळी गेलेली आहेत. आपल्या कुटुंबाचा संबंध नेमका याच दोन राज्यांशी आहे. ही उणीव करयाद्या पुष्कळ भरून काढतात. व्हर्जिनियात १७८२ पासून आणि केंटकीत राज्य स्थापन झाल्यावर १७९२ पासून जवळजवळ दरवर्षी या याद्या झाल्या. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या जनगणनेपेक्षा दरवर्षीची यादी कितीतरी जास्त सांगते : मुलगा एकवीस वर्षांचा झाला की स्वतःच्या नावाने दिसू लागतो, माणूस वारला की पुढच्या वर्षी बायकोचे नाव येते, आणि स्थलांतर झाले की नाव एका कौंटीतून (म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागातून) नाहीसे होऊन दुसरीकडे उगवते. केंटकीच्या याद्यांत जमिनीपुढे ती कोणत्या ओढ्यावर किंवा नदीवर आहे हेही लिहिलेले असते. एकाच नावाची दोन माणसे एकाच कौंटीत असली, तर त्यांना वेगळे करायला त्या ओढ्याच्या नावाइतके उपयोगी दुसरे काही मला तरी सापडलेले नाही. नावापुढचे ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ यांवर मात्र विसंबू नका. त्या काळात त्यांचा अर्थ एवढाच असे की एकाच नावाच्या दोघांपैकी हा वडील आणि तो धाकटा. ते बापलेक असतीलच असे नाही.

आता लग्नाच्या कागदांकडे वळतो, कारण माहेरचे आडनाव मिळण्याची सर्वांत चांगली आशा तिथेच आहे. व्हर्जिनियात आणि तिच्यातूनच १७९२ मध्ये वेगळ्या झालेल्या केंटकीत लग्नाआधी कौंटी क्लार्ककडे एक मुचलका लिहून द्यावा लागे. त्याचा मजकूर ठराविक असे : नवरामुलगा आणि त्याचा जामीनदार असे आम्ही दोघे राज्याच्या गव्हर्नरास पन्नास पौंड देणे लागतो, अमुक आणि अमुक यांचे लग्न लवकरच योजले आहे, त्याला कायद्याची काही हरकत नसेल, तर हे देणे रद्द समजावे. पैसे कुणी भरत नसे. हरकत निघालीच, तर वसूल करता यावेत एवढ्यासाठी ते लिहून घेतलेले असत. मुचलका झाल्यावर परवाना मिळे, आणि लग्न लावल्यावर पाद्री किंवा न्यायाधीश तशी नोंद क्लार्ककडे पाठवी. म्हणून मुचलक्याची तारीख ही लग्नाची तारीख नव्हे, आणि नुसत्या मुचलक्यावरून लग्न झालेच असे म्हणता येत नाही.

या कागदावर वाचणाऱ्याचे लक्ष नवऱ्याच्या सहीकडे जाते. मी प्रथम जामीनदाराची सही वाचतो. पन्नास पौंडांची जोखीम परका माणूस सहसा घेत नसे. जामीनदार हा बहुतेक वेळा नवरीचा बाप, भाऊ किंवा मेव्हणा असतो, क्वचित नवऱ्याकडचा आप्त. सही येत नसेल, तर क्लार्कने लिहिलेल्या नाव आणि आडनावाच्या मधोमध एक फुली असते आणि तिच्या वर-खाली ‘याची निशाणी’ असे शब्द असतात. काही जण फुलीऐवजी नेहमी आपले ठराविक चिन्ह काढत. तेच चिन्ह त्या माणसाच्या मृत्युपत्रावर किंवा खरेदीखतावर पुन्हा दिसले, म्हणजे तो तोच माणूस असल्याचा भक्कम आधार मिळतो.

आपल्या बाबतीत आणखी एक जमेची बाजू आहे. पहिले मूल १८१६ चे आणि मेरीचा जन्म १७९५-९६ चा, म्हणजे लग्न साधारण १८१५ मध्ये झाले आणि तेव्हा ती एकोणीस-वीस वर्षांची होती. एकवीस वर्षांखालच्या मुलीच्या लग्नाला वडिलांची किंवा पालकाची संमती लागे. त्यामुळे एक तर वडील स्वतः जामीनदार म्हणून आलेले असतील, किंवा त्यांनी संमतीची चिठ्ठी पाठवलेली असेल. या चिठ्ठ्या म्हणजे हाताला लागेल त्या कागदाचे तळहाताएवढे तुकडे असतात, चार घड्या घातलेले, खाली दोन साक्षीदारांची नावे असलेले. ‘माझी मुलगी पॉली हिच्या लग्नाचा परवाना द्यावा’ एवढे एकच वाक्य आणि खाली बापाचे नाव. आपल्याला जे हवे आहे, ते सगळे त्या एका ओळीत असते.

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक चूक सांगतो. एका घराण्याचे काम करताना मी छापील सूचीवर विसंबलो. सूचीत नवरा, नवरी आणि तारीख एवढेच होते. नवरीचे आडनाव जुळणारा एक बाप त्याच कौंटीत होता, म्हणून मी तिला त्याच्या घरात बसवले आणि त्याच्या मागच्या तीन पिढ्यांवर जवळजवळ दोन वर्षे घालवली. पुढे मूळ मुचलक्याची फिल्म (जुन्या कागदांच्या छायाचित्रांची फीत) पाहिली, तेव्हा जामीनदार म्हणून वेगळेच आडनाव दिसले, आणि पुढच्या चौकटीत त्याच मुचलक्याबरोबर ठेवलेली चिठ्ठी होती. ती मुलीच्या आईची होती. मुलीचे वडील वारलेले होते, आईने दुसरे लग्न केले होते आणि जामीनदार हा मुलीचा सावत्र बाप होता. सूची करणाऱ्याने काही खोटे लिहिले नव्हते. त्याच्या सूचीत जामीनदाराला आणि चिठ्ठीला जागाच नव्हती. तेव्हापासून मूळ कागदाची प्रतिमा पाहिल्याशिवाय मी कोणतेही नाव वंशावळीत चढवत नाही. इंटरनेटवरच्या आयत्या वंशावळींना तर हे अधिकच लागू आहे, कारण तीच चूक एकमेकांकडून उतरवून घेतलेली दहा झाडे म्हणजे दहा पुरावे होत नाहीत.

आपल्याला सूचीत ‘मेरी’ मिळाली नाही, याचे कारण बहुधा बायबलच्या पानावरच लिहिलेले आहे. त्या काळात मेरीला घरात पॉली म्हणत, आणि केंटकीचे क्लार्क मुचलक्यात बेधडक पॉली असेच लिहीत. मार्थाची पॅट्सी, साराची सॅली, मार्गारेटची पेगी, ॲनची नॅन्सी आणि एलिझाबेथची बेट्सी होई. शोध पुन्हा ‘पॉली’ या नावाने घ्या, आणि त्याहून बरे म्हणजे नवरीचे नाव कोरे ठेवून फक्त नवऱ्याच्या नावाने घ्या.

आडनावांच्या वर्णलेखनाबद्दल मराठी माणसाला एक सोय आहे, ती मी नेहमी वापरतो. आडनाव देवनागरीत लिहून पाहावे. ‘रीड’ हे आडनाव इंग्रजीत निदान तीन प्रकारांनी लिहितात, पण देवनागरीत ते एकच राहते, कारण आपण उच्चार लिहितो. प्रगणकानेही तेच केले होते : दारात उभे राहून कानावर पडले ते त्याने आपल्या मनाच्या अक्षरांनी लिहिले. तेव्हा त्या उच्चाराची जेवढी म्हणून इंग्रजी रूपे संभवतात, त्या सगळ्यांनी शोध घ्यावा. अक्षरांचीही थोडी सवय करावी लागते. जोडून आलेल्या दोन ‘एस’पैकी पहिला लांब, ‘एफ’सारखा काढत, त्यामुळे ‘रॉस’ हे नाव सूचीत ‘रॉफ्स’ होऊन बसलेले असते. मोडीची वळणे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे जड जाणार नाही.

लग्न कोणत्या कौंटीत शोधायचे, हा प्रश्न उरतो. लग्न बहुधा नवरीच्या कौंटीत होई. १८१६ च्या त्या थोरल्या अपत्याचे १८५० मधले स्वतंत्र घर शोधा आणि त्याचे जन्मस्थान पाहा. ते केंटकी असेल, तर आईवडिलांचे लग्नही बहुधा केंटकीतच झालेले आहे. त्यानंतर कौंटीच्या सीमा तपासा. मोठ्या कौंट्या फोडून नव्या करत-करत केंटकीत आज १२० कौंट्या झाल्या आहेत. कुटुंब जागचे हललेले नसते, पण त्याचे कागद तीन वेगवेगळ्या कचेऱ्यांत विखुरलेले असतात, आणि १८१५ चा मुचलका त्या वर्षी जी कौंटी होती तिच्या दप्तरात राहतो. घरच्यांचा विरोध असलेली केंटकीची जोडपी ओहायो नदी ओलांडून पलीकडे लग्न करत. मेसव्हिलच्या समोरचे ॲबर्डीन हे गाव त्यासाठी प्रसिद्धच होते. नदीकाठची कौंटी असेल, तर तिकडेही पाहावे.

इतर राज्यांबद्दल थोडक्यात सांगतो, म्हणजे दुसरी एखादी फांदी तिकडे गेली तर उपयोग होईल. मॅसॅच्युसेट्समध्ये प्रत्येक गावाचा कारकून सतराव्या शतकापासून जन्म, लग्न आणि मृत्यू लिहून ठेवत असे. क्वेकर पंथाच्या लग्नात हजर असलेले सगळे जण प्रमाणपत्रावर सह्या करत, त्यामुळे एका कागदावर सगळे गणगोत मिळते. पेनसिल्व्हेनियात कौंटीचे विवाह-परवाने १८८५ मध्ये आणि दक्षिण कॅरोलायनात १९११ मध्ये सुरू झाले, म्हणून तिथे आधीच्या काळासाठी चर्चच्या वह्या, मृत्युपत्रे आणि वर्तमानपत्रे यांवरच भिस्त ठेवावी लागते.

मुचलका मिळाला नाही, तरी मार्ग बंद होत नाही. नवऱ्याने जमीन विकली असेल, तर विधवेच्या हक्कावर पाणी सोडण्यासाठी बायकोची नवऱ्यापासून वेगळी जबानी घेत आणि तिचे नाव दस्तात येई. वडिलांच्या मृत्युपत्रात विवाहित मुलींचा उल्लेख सासरच्या नावाने असतो. नवरा १७९२ च्या सुमारास जन्मलेला आहे, तेव्हा १८१२ च्या युद्धात तो गेला असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्या सैनिकांना १८७१ आणि १८७८ च्या कायद्यांनी निवृत्तिवेतन मिळाले, आणि विधवांच्या अर्जात लग्नाची तारीख, स्थळ आणि माहेरचे नाव विचारलेले असे. मेरीचे वडील तर थेट स्वातंत्र्ययुद्धाच्या पिढीचे ठरतात. १८४० च्या जनगणनेत दुसऱ्या पानावर, जे बहुतेक लोक उलटतच नाहीत, स्वातंत्र्ययुद्धातल्या निवृत्तिवेतनधारकांची नावे आणि वये आहेत, आणि ती ज्या घरात तो म्हातारा राहत होता त्या घराच्या ओळीत आहेत. बायकोच्या म्हाताऱ्या वडिलांचे नाव जावयाच्या ओळीत असे अचानक समोर आल्याचे मी दोन वेळा पाहिले आहे.

शेजाऱ्यांकडेही दुर्लक्ष करू नका. व्हर्जिनियातून केंटकीत येणारी कुटुंबे एकटी येत नसत. भाऊ, मेव्हणे आणि एकाच चर्चमधली घरे मिळून येत आणि एकाच ओढ्याकाठी वसत. १८२० च्या पानावर मेरीच्या नवऱ्याच्या वरची दहा आणि खालची दहा नावे उतरवून घ्या, आणि त्यांतले कोण त्याच्या खरेदीखतांवर साक्षीदार आहे ते पाहा. ज्या याद्या पुढे अकारविल्हे लावून पुन्हा लिहिल्या गेल्या, त्यांतून शेजार पुसला गेला आहे. तिथे ओढ्याचे नाव देणारी करयादीच कामास येते.

शेवटची गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. व्हर्जिनिया आणि केंटकीतल्या शेतकरी घराण्याचे कागद पाहताना गुलामांचे रकाने समोर येतील. १८५० आणि १८६० मध्ये त्यांच्या वेगळ्या याद्या होत्या आणि त्यांत नाव मालकाचे. माणसांचे फक्त वय, लिंग आणि वर्ण. दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांची नावे पहिल्यांदा लिहिली गेली ती १८७० मध्ये. त्यांची लग्ने कायदा मानतच नव्हता. मुक्तीनंतर १८६६ मध्ये व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायनात अशा जोडप्यांची नोंद झाली, तेव्हा कित्येकांचा संसार तीस-चाळीस वर्षांचा जुना होता. आपल्या घराण्याच्या मृत्युपत्रात किंवा मालमत्तेच्या यादीत अशा माणसांची नावे दिसली, तर ती उतरवून घ्या आणि इतरांना पाहता येतील अशी ठेवा. त्यांच्या वंशजांना १८७० च्या मागे जायला बहुतेक वेळा दुसरा कागदच नसतो.

कामाला लागताना प्रथम १८५० मध्ये आणि त्यानंतर हयात असलेल्या सगळ्या मुलांच्या नोंदी गोळा करा. १८८० मध्ये त्यांच्यापैकी प्रत्येकाने आईचे जन्मस्थान काय सांगितले आहे, ते शेजारी शेजारी मांडा. त्यानंतर रकान्यांचा हिशेब करा, मग करयाद्या पाहा आणि मग मुचलका. फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर या कौंट्यांच्या पुष्कळ फिल्म विनामूल्य पाहता येतात. तिथे न मिळाल्यास केंटकीचे राज्य अभिलेखागार फ्रँकफर्टला आणि व्हर्जिनियाचे रिचमंडला आहे. त्यांना लिहिताना मुचलक्याच्या दोन्ही बाजूंची प्रतिमा मागा आणि त्याबरोबर ठेवलेले सुटे कागद असल्यास त्यांचीही मागा, असे स्पष्ट लिहा. संमतीची चिठ्ठी स्वतंत्र कागदावर असते, आणि आपण मागितली नाही तर ती पाठवली जाईलच असे नाही.